वेशीवर ‘राइट टू फार्म’ची पाटी आणि परसातल्या कोंबड्यांवर बंधनं: मॅसॅच्युसेट्सवाल्यांनो, जरा सांगा

ओसरी

नमस्कार मंडळी,

बॉस्टनच्या पश्चिमेला, ४९५ हायवेच्या आसपासच्या एका गावात आम्ही राहतो. नाव मुद्दाम लिहीत नाही. वस्ती लहान आहे, आणि हेल्थ बोर्डावरच्या एका बाईंची नि माझी रोज शाळेच्या दारात गाठ पडते.

पाऊण एकराचा प्लॉट. मागे आठ कोंबड्या, पाच ऱ्होड आयलंड रेड आणि तीन बार्ड रॉक. त्यातली एक ‘कोंबडी’ जूनमध्ये आरवायला लागली. हॅचरीवाले सगळ्या माद्याच पाठवतो म्हणतात, पण एक दिवसाच्या पिल्लाचं लिंग ओळखताना दहात एखादं चुकतंच म्हणे.

गावात शिरताना रस्त्याच्या कडेला पाटी आहे, ‘राइट टू फार्म कम्युनिटी’. घर घेतलं तेव्हा क्लोजिंगच्या गठ्ठ्यात त्याचा एक कागदही होता. इथे शेती चालते, खताचा वास येईल, धूळ उडेल, पहाटे यंत्रांचा आवाज होईल, हे वाचलं म्हणून सही करा. आम्ही आनंदाने केली. उलट त्या कागदामुळेच कोंबड्या पाळायचं धाडस झालं.

आता त्याच गावाच्या हेल्थ बोर्डाने मसुदा काढलाय. एक एकरापेक्षा कमी जागा असेल तर जास्तीत जास्त सहा माद्या. कोंबडा अजिबात नाही. खुराडं शेजारच्या घरापासून ५० फूट लांब. दरवर्षी परवाना आणि फी. वर हद्दीला लागून असलेल्या सगळ्या शेजाऱ्यांची लेखी संमती! पुढच्या महिन्यात सुनावणी आहे.

शेती करण्याचा हक्क आहे अशी पाटी लावायची आणि आठ कोंबड्यांवर हे? त्या पाटीच्या जोरावर मला काही म्हणता येईल का? कुणी अशा सुनावणीला गेलंय का?

निवांत_नाना

कोंबडा किती वाजता आरवतो ते आधी सांगा, मग हक्काचं बघू.

ओसरी

नाना, पावणेपाच. आणि मग पावणेपाचपासून पुढे सतत.

निवांत_नाना

मग ५० फूट कमीच आहेत. गटारी अमावास्येला आमच्याकडे पाठवून द्या, बोर्डाचं एक कलम तरी आपोआप निकालात निघेल.

बांधावरचा

मी दुसऱ्या एका गावच्या शेती आयोगावर (अॅग्रिकल्चरल कमिशन) सदस्य आहे. वकील नाही, पण या विषयाच्या बैठकांना बसून बसून कलमं पाठ झाली आहेत. जरा लांबेल, चहा घेऊन वाचा.

ताई, ती पाटी तुम्हांला नवीन हक्क देत नाही. गावसभेत मंजूर होणारा राइट टू फार्म बायलॉ म्हणजे राज्याचे जे कायदे आधीच आहेत त्यांची उजळणी असते. वर दोन गोष्टी जास्तीच्या: घर विकताना तो सूचनेचा कागद, आणि तक्रार आली तर आधी शेती आयोगाने मध्ये पडून मिटवायचा प्रयत्न करायचा. राज्यभर बहुतेक गावांचा मजकूर जवळजवळ सारखाच सापडेल, कारण सगळ्यांनी एकच नमुना समोर ठेवलाय.

खरे दात आहेत ते राज्याच्या कायद्यांना. तीन पाहा.

पहिला झोनिंगचा (कोणत्या भागात जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारे नियम), प्रकरण ४०ए, कलम ३. शेतीवर गावाला झोनिंगमधून बंदी घालता येत नाही, अवाजवी अटी लादता येत नाहीत. पण शेतीसाठी न राखलेल्या भागात हे संरक्षण पाच एकरांपासून पुढे. दोन एकरांवरही मिळतं, मात्र एकरी निदान १००० डॉलरची विक्री दाखवावी लागते. आणि कायद्यात शब्द आहेत ते ‘व्यावसायिक शेती हा मुख्य हेतू’ असे. पाऊण एकर आणि घरात खायला अंडी, हे कशातच बसत नाही.

दुसरा, प्रकरण १११, कलम १२५ए. हेल्थ बोर्डाने एखादी शेती उपद्रव ठरवली तर दहा दिवसांत तो दूर करा अशी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि शेतकऱ्याला तेवढ्याच दिवसांत जिल्हा न्यायालयात दाद मागता येते. महत्त्वाचं म्हणजे जनावरांची नेहमीसारखी निगा राखताना येणारा वास, शेतात खत पसरल्याचा वास, जनावरांचा आणि अवजारांचा आवाज, हा उपद्रव धरायचाच नाही असं त्यात सरळ लिहिलंय. इथेही शब्द ‘शेती’ असाच आहे. परसातली आठ पाखरं शेतीत मोडतात की नाही, इथून वाद सुरू होतो.

तिसरा, प्रकरण २४३, कलम ६. वर्षाहून जास्त काळ चालू असलेल्या शेतीवर शेजाऱ्याने खाजगी उपद्रवाचा दावा लावला तर शेतकऱ्याला ढाल मिळते. निष्काळजीपणा असेल तर नाही.

आता खरी मेख. हे सगळं असूनही हेल्थ बोर्डाला प्रकरण १११, कलम ३१ खाली ‘वाजवी आरोग्य नियम’ करायचा अधिकार आहेच. त्याला गावसभा लागत नाही, दोन तृतीयांश मतं लागत नाहीत. निवडून आलेली किंवा नेमलेली तीन-पाच माणसं मंगळवारी संध्याकाळी बसून नियम करू शकतात. म्हणून कोंबड्यांचे निर्बंध झोनिंगच्या दाराने न येता हल्ली या दाराने येतात.

पण याच कलमात अलीकडे एक भर पडली आहे, ती फार लोकांना ठाऊक नसते. गावात शेती आयोग असेल, आणि बोर्डाचा नियम शेती, शेतकरी बाजार किंवा बिनव्यावसायिक कोंबड्या, जनावरं, मधमाश्या पाळण्यावर परिणाम करणारा असेल, तर मसुदा आधी आयोगाकडे अभिप्रायासाठी पाठवावा लागतो. मुदत ४५ दिवस. बघा, ‘बिनव्यावसायिक’ हा शब्द इथे स्पष्ट आला आहे. पाटीपेक्षा हे तुमच्या जास्त कामाचं.

म्हणून सुनावणीत ‘हे राइट टू फार्म गाव आहे’ असं भाषण करू नका. टाउन कौन्सेल, म्हणजे गावाचा वकील, दोन वाक्यांत तुम्हांला खाली बसवेल. मसुदा आयोगाकडे कधी गेला, एवढंच विचारा.

ओसरी

बांधावरचा, दंडवत! मी अगदी ते भाषणच लिहायला घेतलं होतं.

एक शंका. शेजारच्या गल्लीतले एक आजोबा म्हणाले, ६१ए मध्ये नाव घाल म्हणजे शेतकरी ठरशील. ते काय असतं?

बांधावरचा

६१ए हा मालमत्ता कराचा मामला आहे. जमिनीचं मूल्यांकन बाजारभावाने न करता शेतीच्या भावाने करतात. त्यालाही किमान पाच एकर आणि ५०० डॉलरची विक्री लागते. आजोबांचं स्वतःचं सफरचंदाचं रान असणार, म्हणून त्यांना सगळं सोपं दिसतंय.

शेजारधर्म

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. शिव्या खायची तयारी आहे.

आमच्या शेजाऱ्यांनी कोव्हिडमध्ये कोंबड्या आणल्या. आधी कौतुक वाटलं, मुलं बघायला जायची, अंडीही यायची. दुसऱ्या वर्षी गॅरेजच्या भिंतीलगत उंदराचं बीळ दिसलं. तिसऱ्या वर्षी आमच्या डेकखाली घुशीएवढे उंदीर. पेस्ट कंट्रोलवाल्याने पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे? ‘शेजारी कोणी कोंबड्या पाळल्यात का?’ त्यांचं खाद्य रात्रभर उघड्या पसरट भांड्यात असायचं. सांगून पाहिलं, तर उत्तर आलं, ‘वी आर अ राइट टू फार्म टाउन.’ ती पाटी माझ्या तोंडावर मारली गेली आहे, त्यामुळे मला तिचं प्रेम नाही.

घर घ्यायला आम्हीही कर्जच काढलंय. लेखी संमती मागितली तर बिघडलं काय? इमारतीत कुत्रा आणायचा तरी सोसायटीला विचारतोच ना आपण?

गावठी_अंडं

>> इमारतीत कुत्रा आणायचा तरी सोसायटीला विचारतोच ना

ही सोसायटीची सवय आपण अमेरिकेत घेऊन आलो, हेच दुर्दैव. परवानगी नियमांची असावी, शेजाऱ्याच्या मर्जीची नको. उद्या तुमचं त्याच्याशी बर्फ कुठे लोटायचा यावरून वाजलं, की कोंबड्या गेल्या. घर विकलं आणि नवा शेजारी आला की पुन्हा सही? एका माणसाच्या हातात असा नकाराधिकार देणं कायद्यातही टिकायला अवघड जातं असं ऐकलंय. बांधावरचा खुलासा करतील.

बाकी उंदरांबाबत मात्र शेजारधर्म यांचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि मी हे कोंबड्यांच्या बाजूने बोलणारा माणूस म्हणून सांगतोय. आमचा घरचा धंदा बारामतीकडे, लहानपण शेडवर गेलंय. आता पेनसिल्व्हेनियात नोकरी, मागे बारा पाखरं.

उंदीर कोंबडीसाठी येत नाही, तो दाण्यासाठी येतो. एक कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते. आठ कोंबड्यांना किलोच्या आत-बाहेर. तेवढंच मोजून सकाळी घालायचं, अंधार पडायच्या आत भांडं उचलून पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात. प्लॅस्टिकचा डबा उंदीर एका रात्रीत कुरतडतो. पायाने दाबलं की उघडणारं ट्रेडल फीडर मिळतं, कोंबडीच्या वजनाने झाकण उघडतं, उंदराच्या नाही. एकदाच पैसे जातात.

दुसरं म्हणजे जाळी. दुकानात ‘चिकन वायर’ म्हणून षटकोनी भोकांची मिळते ती कोंबडी आत ठेवायला बरी, बाकी कुणाला बाहेर ठेवायला निरुपयोगी. रॅकून त्यातून हात घालून कोंबडीची मान ओढतो. सकाळी जे दिसतं ते इथे लिहीत नाही. अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची तारेची जाळी, म्हणजे हार्डवेअर क्लॉथ, वापरा, आणि ती खुराड्याच्या पायाशी फूटभर बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरवून मातीखाली दाबा. कोल्हा भिंतीलगत उकरायला बसतो आणि जाळीवरच अडतो. उंदरालाही तेच लागू.

बोर्डाला नियम करायचाच असेल तर ह्याचा करावा. खाद्य कसं ठेवता, शीट किती दिवसांनी काढता, जाळी कसली. सहा की आठ हा आकडा उंदराला कळत नाही. दाणा सांडणाऱ्याच्या तीन कोंबड्या नीट सांभाळणाऱ्याच्या पंधरांपेक्षा जास्त त्रास देतात.

निवांत_नाना

गावठी_अंडं यांना +१. आणि रॅकूनचं सांगितलं नसतं तरी चाललं असतं, जेवत होतो.

मिशिगनकर

आमच्याकडची कथा सांगतो, म्हणजे ‘राइट टू फार्म’ या शब्दांवर कितपत विसंबायचं ते कळेल.

असे कायदे आता पन्नासही राज्यांत आहेत, पण प्रत्येकाचा जीव वेगळा. मिशिगनचा १९८१ चा. १९९९ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, राज्याच्या कृषी पद्धतींच्या नियमावलीत बसणाऱ्या शेतीवर स्थानिक गावाचा वेगळा नियम चालणार नाही, अशी. त्या नियमावलीला इथे सगळे ‘गॅम्प्स’ म्हणतात. त्यामुळे बरीच वर्षं लोक अगदी भर उपनगरात चार अंडी विकून ‘मी व्यावसायिक, मला कायद्याचं कवच’ असं म्हणू शकत होते, आणि काहींनी कोर्टातही ते टिकवलं.

मग २०१४ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या कृषी आयोगाने जागा निवडीच्या नियमावलीत ‘कॅटेगरी ४’ घातली. तुमच्या जागेपासून अष्टमांश मैलात १३ पेक्षा जास्त बिगरशेती घरं असतील, किंवा २५० फुटांच्या आत एक जरी असेल, तर ती जागा मुख्यतः राहण्याची. तिथे गाव परवानगी देईल तरच जनावरं. कायद्याचा एक शब्द बदलला नाही, विधानसभेत मतदान नाही. नियमावलीचं एक पान बदललं आणि परसातल्या कोंबडीवाल्यांचं कवच गेलं. आमच्या ट्रॉय-नोव्हायच्या (डेट्रॉइटची उपनगरं) बाजूला अष्टमांश मैलात १३ काय, १३० घरं निघतील.

मोठ्या शेडवाल्यांना यातून तोशीस नाही हे वेगळं सांगायला नको. कायदा मुळात निघाला तेच मुळी शहरातून येऊन शेताशेजारी घर बांधणाऱ्यांनी आधीपासूनच्या शेतकऱ्याला कोर्टात खेचू नये म्हणून. आपण आहोत ते शहरातून आलेले, ज्यांना शेतकऱ्याचं कवच घालून बघायचंय. गंमत आहे खरी.

ओसरी

>> आपण आहोत ते शहरातून आलेले

हे टोचलं, पण खरं आहे.

शेजारधर्म, तुम्हांला शिव्या नाहीत. आमचं खाद्य मी उद्यापासून आत घेणार. (नवऱ्याला ‘पत्र्याचा डबा आण’ म्हटल्यावर तो फराळाचा डबा रिकामा करायला निघाला होता.)

एक राहिलं. मसुद्याच्या प्रस्तावनेत बोर्डाने मुख्य कारण बर्ड फ्लूचं दिलंय. त्यावर काय बोलायचं? तिथे मला घाम फुटतो, कारण मलाही त्याची भीती आहेच.

परसदार

मी पशुवैद्यक आहे, इथे प्रॅक्टिस करत नाही, संशोधनात आहे. भीती रास्त आहे. सध्याची एच५एन१ ची साथ अमेरिकेतल्या पाळीव पक्ष्यांत फेब्रुवारी २०२२ मध्ये इंडियानातल्या टर्कींपासून सुरू झाली. पुढच्याच महिन्यात मॅसॅच्युसेट्सच्या बर्कशर काउंटीत परसातल्या पक्ष्यांत ती सापडली. तेव्हा ‘हा मोठ्या पोल्ट्रीचा रोग’ असं म्हणून सुटता येणार नाही.

पण ती कशी येते ते बघा. मुख्य वाहक रानटी पाणपक्षी, बदकं आणि कॅनडा गीज. तुमच्या मागे तळं असेल, गीज हिरवळीवर उतरत असतील आणि त्याच हिरवळीवर कोंबड्या मोकळ्या सोडत असाल, तर दोन कोंबड्या असल्या काय आणि वीस काय. उपाय काय? वर छप्पर असलेलं अंगण, पाणी आणि खाद्य झाकलेलं, खुराड्यात जायचे बूट वेगळे आणि तिथेच ठेवलेले, आणि जवळचं बर्ड फीडर काढून टाकणं. अचानक दोन-तीन पक्षी मेले, तुरे काळेनिळे पडले, तर हात न लावता राज्याच्या कृषी खात्याला फोन.

मी पदव्युत्तर शिक्षणाला होतो तेव्हा, २००६ च्या फेब्रुवारीत, नंदुरबारच्या नवापूरमध्ये भारतातला पहिला उद्रेक झाला. शेडच्या शेड रिकाम्या झाल्या, परसातल्या कोंबड्याही घरोघर जाऊन गोळा केल्या. त्या वेळी सगळ्यांत मोठी अडचण होती ती कुणाकडे किती पक्षी आहेत याची यादीच नव्हती ही. म्हणून मला वार्षिक नोंदणी मान्य आहे. संख्येची मर्यादा आणि शेजाऱ्याची संमती यांचा फ्लूशी संबंध नाही.

लहान मुलांसाठी वेगळी सूचना: साल्मोनेलाची शक्यता फ्लूपेक्षा रोजच्या व्यवहारात जास्त. सीडीसी (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) दरवर्षी परसातल्या कोंबड्यांवरून आलेल्या साल्मोनेलाच्या साथी नोंदवते. पिल्लांच्या पाप्या घेऊ देऊ नका, हात धुवा.

बांधावरचा

परसदार यांच्या यादीच्या मुद्द्याला जोडून सांगतो. मॅसॅच्युसेट्समध्ये ती यादी आधीच असते! प्रत्येक गावाला अॅनिमल इन्स्पेक्टर नेमावाच लागतो. तो दरवर्षी गावातल्या गोठ्या-खुराड्यांची पाहणी करून किती आणि कोणती जनावरं याचं ‘बार्न बुक’ राज्याला पाठवतो. ओसरीताई, तुमच्याकडे कुणी आलं नसेल तर टाउन हॉलला फोन करून स्वतःहून नाव घाला. सुनावणीत ‘माझी नोंद आहे, पाहणी झालेली आहे’ असं म्हणणारा माणूस आणि लपवून पाळणारा माणूस यांच्याकडे बोर्ड वेगळ्या नजरेने बघतं. वेगळा परवाना आणि फी कशासाठी, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो.

शेजाऱ्याच्या संमतीबद्दल: गावठी_अंडं म्हणतात तो मुद्दा टाउन कौन्सेलला लेखी विचारा. बोर्डाचा अधिकार ‘वाजवी आरोग्य नियमा’चा आहे. शेजाऱ्याची सही हा आरोग्याचा कोणता निकष झाला?

खुराड्यापासून विहिरीचं आणि पाणथळ जागेचं अंतर किती आहे तेही मोजून जा. कोंबडखतात नत्र भरपूर, म्हणून ओल्या शिटेचा ढीग विहिरीजवळ नको, हे कोणीही मान्य करेल. पाणथळ जागेपासून १०० फुटांच्या आत खुराडं बांधलं असेल तर कॉन्झर्वेशन कमिशन नावाचं, पाणथळ जागा सांभाळणारं आणखी एक बोर्ड तुमची वाट बघतंय.

टेक्सासची_सून

आमच्याकडे एचओए (घरमालकांची संघटना, आपल्या सोसायटीसारखी) आहे. तिच्या कागदात ‘कुक्कुट’ या शब्दापुढे पूर्णविराम. राज्याचा हक्क, गावाचा हक्क, सगळं त्याच्यापुढे गार. सही करून घर घेतलंय म्हटल्यावर संपलं. तुम्ही लोक सुनावणीला जाऊ शकता, यातच नशीबवान आहात.

निवांत_नाना

अवांतर: २०२५ च्या मार्चमध्ये इथे अंडी डझनाला सरासरी ६.२३ डॉलरवर गेली होती, तेव्हा आमच्या मंडळातल्या निम्म्या घरांनी खुराड्यांची चौकशी केली. कोंबडी साधारण १८-२० आठवड्यांनी अंडं द्यायला लागते, हे कळल्यावर उरलेल्या निम्म्यात बसले. ओसरीताई, हिशेब सुटतो का हो?

ओसरी

नाना, खुराड्याचा खर्च धरला तर आमचं पहिलं अंडं सोन्याचंच. आणि श्रावणात घरात कुणी खात नाही, कोंबड्यांना मात्र श्रावण नसतो. तेव्हा अंड्यांची खोकी घेऊन दारोदार फिरते. थंडीत दिवस लहान झाला की पिसं झाडून बसतात, तेव्हा दुकानातून आणायची.

गावठी_अंडं

अवांतर वाढवतो. ओसरीताईंकडच्या दोन्ही जाती त्याच भागातल्या. ऱ्होड आयलंड रेड तर शेजारच्या राज्याचा राज्यपक्षी. आणि १८४९ च्या नोव्हेंबरात बॉस्टनच्या पब्लिक गार्डनमध्ये कोंबड्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं होतं, हजारावर पक्षी आणि बघायला दहा हजारांच्या आसपास माणसं. त्यानंतर काही वर्षं तिथल्या लोकांना कोंबड्यांचं अक्षरशः वेड लागलं होतं, एकेका जोडीला वाटेल ते भाव. तिथलं हेल्थ बोर्ड आज सहाच्या वर नको म्हणतंय! हे सुनावणीत वापरता येणार नाही, पण बोर्डाच्या अध्यक्षांना कॉफीच्या टेबलाशी सांगा, हसतील तरी.

सिंगल तुरा आहे म्हणजे थंडीत टोकं गोठतात. खुराड्याला वरून हवा जाऊ द्या. दमट हवेने तुरा जातो, नुसत्या गारठ्याने सहसा नाही. हीट लॅम्प लावू नका, खुराडी जळतात.

ओसरी

काल सुनावणी झाली. सविस्तर लिहिते.

हॉलमध्ये तीसेक माणसं होती. माझ्याआधी एका काकांनी पाटीवरून जोरदार भाषण केलं, आणि बांधावरचा म्हणाले होते तस्संच झालं. कौन्सेलने शांतपणे ‘पाच एकर’ आणि ‘व्यावसायिक’ हे दोन शब्द उच्चारले. काका बसले.

माझी पाळी आली तेव्हा मी फक्त विचारलं, मसुदा शेती आयोगाकडे कधी पाठवला? बोर्डाच्या अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं, सचिवांनी लॅपटॉपकडे. मग मागून एक उंच, मळक्या टोपीचे गृहस्थ उठले. ते आयोगाचे अध्यक्ष निघाले, गावातली शेवटची डेअरी त्यांचीच. म्हणाले, ‘मी हे वर्तमानपत्रात वाचलं.’ बस्स, एवढंच. सुनावणी पुढे ढकलली, मसुदा आता आयोगाकडे जातोय, ४५ दिवस मिळाले.

मग बराच वेळ साधी चर्चा झाली, आणि ती बरी झाली. शेजाऱ्याच्या लेखी संमतीबद्दल कौन्सेल स्वतःच नाखूश दिसले, ते कलम बहुधा जाईल. अॅनिमल इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या, त्यांच्या नोंदीत गावातली जेमतेम निम्मी खुराडी असतील, नोंद झाली तरी पुष्कळ. सहाचा आकडा जागेच्या प्रमाणात करा असं दोघातिघांनी सुचवलं. कोंबड्यावर मात्र बोर्ड ठाम आहे, एक एकराखाली नाहीच. डेअरीवाल्यांनीही त्यात आमची बाजू घेतली नाही. म्हणाले, एवढ्याशा जागेत कोंबडा पाळणं शेजाऱ्यावर अन्याय आहे.

आमचा कोंबडा तसाही गेला. दोन गावं पलीकडे अकरा एकरांचा एक शेतकरी आहे, त्याच्या कळपातला नर कोल्ह्याने नेला होता. मुलगा दोन दिवस बोलत नव्हता. आता दर रविवारी भेटायला न्यायचं कबूल केलंय.

निवांत_नाना

म्हणजे गटारीचं आमंत्रण रद्द?

ओसरी

कायमचं.

शेजारधर्म

धागा पूर्ण वाचला. एक विचारते. मसुद्यात खाद्याच्या साठवणीबद्दल आणि उंदरांबद्दल काही आहे का? सगळा वेळ संख्या आणि अंतरातच गेला असं दिसतंय. नसेल, तर माझ्यासारख्यांचं काहीच सुटलं नाही.

ओसरी

आता पीडीएफ उघडून बघितली. ‘स्वच्छ राखावे’ एवढी एक ओळ आहे, खाद्याचा उल्लेखही नाही.

बांधावरचा

मग ते तुम्हीच लिहून द्या, दोघी मिळून. पाळणारी आणि त्रास सोसलेली अशा दोघींच्या सहीचं पत्र आयोगाला क्वचित येतं. शेजारधर्म त्या गावच्या नाहीत हे ठाऊक आहे, पण त्यांचा अनुभव जोडपत्र म्हणून देता येईल. तीन वाक्यं पुरतील: खाद्य झाकणाच्या धातूच्या डब्यात, रात्री बाहेर खाद्य नाही, अर्ध्या इंचाची जाळी. मजकूर इथेच टाका, गावठी_अंडं तपासतील.

शेजारधर्म

चालेल. ओसरी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा. पेस्ट कंट्रोलवाल्याचं बिलही जोडते, फक्त पत्ता खोडून.

गावठी_अंडं

ट्रेडल फीडर घालायला विसरू नका. आणि ‘रात्री’ असं मोघम लिहू नका, ‘सूर्यास्तानंतर’ लिहा, नाहीतर उन्हाळ्यात आठ वाजता लख्ख उजेडात कोणीतरी तक्रार करेल.